सूर्यावरच्या लाटा

शेकोटीपासून दूर गेले की ऊब कमी होते, हा वसतिगृहातील हिवाळी पहाटेचा आपणा सर्वांचा अनुभव. सूर्यावर मात्र उलटे घडते. त्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस आहे. परंतु त्याहून कितीतरी उंचीवर पसरलेला किरीट, म्हणजेच करोना, दहा लाख अंशांहूनही अधिक तप्त असतो. ही उष्णता वर पोहोचते कशी? त्याचे एक उत्तर लाटांत शोधले जाते.

सूर्याच्या पृष्ठभागाखाली तप्त वायू सतत उकळत असतो. त्या खळबळीतून ध्वनिलहरी उठतात. १९६०च्या दशकारंभी रॉबर्ट लेटन यांना सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या तालात वरखाली होताना आढळला. विरळ होत जाणाऱ्या वातावरणात लाट चढू लागली की तिचा जोर वाढतो. आसुडाच्या मुठीला दिलेला झटका निमुळत्या टोकाशी कडाडतो, तसा. मात्र बहुतेक ध्वनिलहरी वाटेतच विरतात किंवा परत फिरतात.

पुढचे काम चुंबकीय लहरींचे. विद्युतवाहक वायूत चुंबकीय रेषा ताणलेल्या तारांप्रमाणे थरथरू शकतात, असे हान्नेस आल्फव्हेन यांनी १९४२ साली मांडले. प्रारंभी ते अनेकांना पटले नाही; १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९८ साली ‘ट्रेस’ उपग्रहाने, एका सौरज्वालेनंतर किरीटातील कमानी एकतारीच्या तारेसारख्या हेलकावताना टिपल्या. सुरावरून तारेचा ताण ओळखावा, तसे त्या हेलकाव्यांवरून तेथील चुंबकीय बळ मोजता येते.

तरीही प्रश्न संपलेला नाही. असंख्य सूक्ष्म स्फोटांनी किरीट तापतो, असे यूजीन पार्कर यांचे प्रतिपादन होते. लाटांचा वाटा किती, स्फोटांचा किती, याचा शोध चालू आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेले भारताचे ‘आदित्य-एल१’ यानही त्याच शोधात आहे. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने घडविली आहे.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. म्हणून एक गोष्ट विसरू शकत नाही. खग्रास ग्रहणात दिसणारे शुभ्र तेजोवलय म्हणजे हाच किरीट. त्याच ग्रहणाच्या वेळी आपल्यातील कित्येकांच्या पूर्वजांना दारोदार दान मागत फिरावे लागे. आज त्यांची पणतवंडे भौतिकशास्त्राच्या वर्गात बसतात. त्यांनी ‘असे का?’ म्हणून विचारले, तर पालकहो, त्यांना गप्प बसवू नका. सूर्याचा हा प्रश्न अजून कोणीतरी सोडवायचा आहे.