जुनी मोठी छत्री घ्यावी की नाही?

आठ ते बारा फुटी डिश अँटेना, म्हणजे मोठ्या छत्र्या, भारतात गावोगावी दिसू लागल्या त्या १९९१ नंतर. त्या वर्षी हाँगकाँगहून चालणाऱ्या स्टार टीव्हीचे कार्यक्रम एशियासॅट-१ या उपग्रहावरून येऊ लागले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी त्याच उपग्रहावरून झी टीव्ही सुरू झाला. हे सिग्नल पकडण्यासाठी केबलचालकांनी गच्चीवर छत्र्या उभारल्या आणि तिथून घरोघरी तारा ओढल्या. पुढे केबल सेवा डिजिटल झाली. २०१२ मध्ये महानगरांपासून सुरू झालेले हे काम २०१७ पर्यंत ग्रामीण भागात पोचले. छोटे केबलचालक मोठ्या वितरकाकडून फायबरवाटे तयार सिग्नल घेऊ लागले आणि त्यांच्या छत्र्या रिकाम्या झाल्या. आज भंगाराच्या भावात मिळणारी मोठी डिश बहुधा अशाच ठिकाणची असते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात ती घेण्याआधी उपयोग, जागा, डिशची अवस्था आणि वारा या चार गोष्टी तपासाव्या लागतात.

उपयोगाचा प्रश्न पहिला. मोठी डिश मुख्यतः सी बँडसाठी असते. या पट्ट्यात उपग्रहाचा सिग्नल ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झच्या दरम्यान येतो. घरगुती डीटीएचच्या दोन फुटी डिशला केयू बँड, म्हणजे ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल लागतो. लहान तरंगलांबीचा केयू सिग्नल मुसळधार पावसात क्षीण होतो. आषाढातल्या सरीत पडद्यावर ‘नो सिग्नल’ येते ते त्यामुळेच. सी बँडला पावसाचा असा त्रास फारसा होत नाही. कोकणात मोठ्या डिशच्या बाजूने असलेला हा सर्वांत सबळ मुद्दा.

मात्र सी बँडवरच्या बहुतेक लोकप्रिय खासगी वाहिन्या सांकेतिक स्वरूपात असतात आणि त्या परवानाधारक वितरकांसाठीच असतात. डिश कितीही मोठी असली तरी त्या घरी उघडत नाहीत. मोफत मिळतात त्या दूरदर्शनच्या आणि इतर काही वाहिन्या. दूरदर्शनच्या वाहिन्या २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या मोफत डीटीएच सेवेवर, म्हणजे आजच्या डीडी फ्री डिशवर, लहान डिशनेही दिसतात आणि त्यासाठी मासिक शुल्क नाही. शिवाय स्वतःच्या छत्रीवरून शेजाऱ्यांना तारेने वाहिन्या पुरवायच्या म्हटल्या तर १९९५ च्या केबल टीव्ही कायद्याखाली केबलचालक म्हणून नोंदणी करावी लागते.

जागेचा विचार करताना आकाशातली दिशा आधी पाहावी. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे मालवणहून ते दक्षिणेकडे आणि बरेच उंच दिसतात. ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-३० साठी डिश दक्षिण-आग्नेयेकडे वळवून क्षितिजापासून सुमारे ६८ अंश वर रोखावी लागते. दूरदर्शनच्या वाहिन्या असलेल्या ९३.५ अंशांच्या जागेसाठी दिशा आग्नेय आणि उंची सुमारे ६० अंश. १०५.५ अंशांसाठी डिश आणखी पूर्वेकडे वळते आणि उंची ४९ अंशांवर येते. म्हणजे समुद्राकडची मोकळी पश्चिम बाजू यातल्या कोणत्याच उपग्रहासाठी कामाची नाही. आग्नेयेकडे जवळच उंच माड असतील तर ते मात्र आड येतात.

ही अडचण सूर्याच्या मदतीने आधीच ओळखता येते. मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबर संपता संपता काही दिवस सूर्य रोज थोडा वेळ उपग्रहाच्या नेमका मागे येतो. ९३.५ अंशांच्या जागेसाठी मालवणात ही वेळ सकाळी अकराच्या सुमारास असते. त्या वेळी निवडलेल्या जागेवर ऊन पडत असेल तर उपग्रहाची वाटही मोकळी आहे. झावळांची सावली पडत असेल तर जागा बदलावी.

डिशची परीक्षा आकारापासून करावी. पत्रा किंवा जाळी परवलयाकार असेल तरच सिग्नल एका बिंदूत गोळा होतो. कडेच्या समोरासमोरच्या बिंदूंमधून दोन दोऱ्या एकमेकींना काटकोनात ताणाव्यात. मधोमध त्या एकमेकींना टेकल्या तर कडा सपाट आहे. बोटभर अंतर राहिले तर डिश पिळली आहे. सी बँडची तरंगलांबी साधारण साडेसात सेंटिमीटर असल्याने चार-पाच मिलिमीटरचा बाक चालून जातो, त्याहून मोठा पोचा सिग्नल खातो. जाळीची भोके पाच-सहा मिलिमीटरहून मोठी नसावीत. फीड, म्हणजे केंद्रबिंदूवर सिग्नल घेणारा भाग, धरणारे पाय हरवले असतील तर केंद्रबिंदू गणिताने काढता येतो: व्यासाचा वर्ग करून त्याला खोलीच्या सोळा पटीने भागायचे. २४० सेंटिमीटर व्यासाच्या आणि मध्यभागी ४० सेंटिमीटर खोल असलेल्या डिशचा केंद्रबिंदू तळापासून ९० सेंटिमीटरवर येतो.

किनाऱ्यावर गंज मोठा शत्रू आहे. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे चिकटते तिथे ॲल्युमिनियम आधी झिजते. म्हणून बोल्टांभोवती पांढरी भुकटी किंवा फुगलेली भोके दिसतात का ते पाहावे. जुने बोल्ट काढून स्टेनलेस स्टीलचे घालावेत आणि दोन धातूंमध्ये नायलॉनचे वॉशर ठेवावेत. नळीचा खांब आतून गंजलेला असू शकतो, तो हातोडीने ठोकून पाहावा. इथे डिशचे तोंड बरेच वर असते. त्यामुळे पत्र्याच्या डिशमध्ये पावसाचे पाणी आणि झाडाचा पाला साचतो. तळाला निचऱ्याची भोके असावीत, किंवा जाळीची डिश निवडावी.

एलएनबी, म्हणजे फीडला जोडलेले सिग्नल वाढवणारे यंत्र, आणि रिसीव्हर जुने असतील तर त्यांची किंमत शून्य धरावी. जुने रिसीव्हर आजच्या प्रक्षेपणपद्धतींना बहुधा चालत नाहीत. एलएनबीबाबत आणखी एक अडचण आहे. २०२२ च्या लिलावात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या लहरी फाइव्ह-जीसाठी दिल्या गेल्या. जवळ मोबाइल टॉवर असेल तर ३.४ गिगाहर्ट्झपासून सिग्नल घेणारा एलएनबी त्या लहरींनी बधिर होतो आणि फिल्टर बसवावा लागतो.

खर्चाचा मोठा भाग डिशच्या किमतीत नसून वाहतुकीत आणि पायात असतो. आठ फुटी डिशचे क्षेत्रफळ सुमारे साडेचार चौरस मीटर भरते. ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला तर भरीव डिशवर अडीचशे ते तीनशे किलो वजनाइतका दाब पडतो. बारा फुटीवर तो सव्वादोन पट होतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्यालगत गेले, तेव्हा सिंधुदुर्गात झाडे आणि विजेचे खांब कोसळले, घरांची छपरे उडाली. म्हणून कौलारू छपरावर किंवा नुसत्या चिऱ्याच्या भिंतीवर मोठी डिश बसवू नये. जमिनीत काँक्रीटचा पाया घालून त्यात खांब रोवावा. जाळीने वाऱ्याचा भार कमी होतो. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही डिश याच कारणासाठी जाळीच्या केल्या आहेत.

खोडदचे उदाहरण आणखी एक उपयोग सुचवते. आठ फुटी डिशला योग्य फीड आणि रिसीव्हर जोडला तर आकाशगंगेतील हायड्रोजनचा २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा सिग्नल टिपता येतो. शाळा-महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळासाठी ही चांगली संधी आहे. मात्र चकचकीत पत्र्याची डिश सूर्याकडे रोखू नये. केंद्रबिंदूवरच्या उष्णतेने फीड जळू शकते.

एकूण हिशेब असा निघतो. घरात मराठी वाहिन्या आणि बातम्या एवढेच हवे असेल तर जुनी मोठी छत्री घेऊ नये, फ्री डिशची लहान डिश पुरते. पावसाळ्यातही स्थिर चित्र, दूरचे उपग्रह किंवा प्रयोग हवे असतील आणि मोकळी जमीन असेल, तर आठ फुटी, जाळीची, न पिळलेली डिश घेण्याजोगी आहे. बारा फुटी डिश घराने टाळावी. ती संस्थेने पक्क्या पायाची तयारी असेल तरच घ्यावी. किंमत ठरवण्याआधी दोरी, फूटपट्टी आणि हातोडी घेऊन डिश पाहावी, आणि पायाचा खर्च जमेस धरूनच सौदा करावा.