‘मोकळी’ म्हणजे किती?
पुणेकर-मुंबईकर एकमेकांना घरांवरून चिडवतातच. मी पुण्याहून लालबागच्या मावसभावाला म्हणायचो, ‘खुराड्यात राहतोस!’ तो म्हणे, ‘तुमचे वाडे तरी कुठे उरलेत?’ थट्टेखाली प्रश्न एकच: शहराच्या पोटातली रिकामी झालेली जागा कुणाची?

१९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली; गिरणीच्या इमारतींखालची जमीन तिच्यातून सुटली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ‘मोकळी’ या शब्दाचा अर्थ आक्रसला आणि उद्याने, परवडणारी घरे यांचा वाटाही.

आता आमच्या पेठेत वाडा पडला, की मी उंची मोजत नाही; आधी नियमातले शब्द वाचतो.