रहस्यकथा घरात यावी, पण कोणती?

व्यापारी घरांतील वडीलधारी मंडळी रहस्यकथेकडे आजही काहीशा संशयानेच पाहतात. ज्या घरात मुंगीलाही जपून पाऊल टाकले जाते, तेथे खुनाच्या गोष्टी कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याच घरातील मुले मोबाइलवर गुन्हेगारीच्या मालिका रात्री उशिरापर्यंत पाहत असतात. तेथे रक्तपात डोळ्यांसमोर घडतो आणि विचार करायला उसंत मिळत नाही. तेव्हा रहस्यकथा घरात यावी की नाही, यापेक्षा कोणती यावी, हाच विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

चांगल्या रहस्यकथेचे मर्म गुन्ह्यात नसून शोधात असते. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ साली निर्माण केलेला व्योमकेश बक्षी स्वतःला गुप्तहेर म्हणवत नाही. तो ‘सत्यान्वेषी’ हे नाव पसंत करतो. तेरीज एका रुपयाने जरी जुळली नाही, तरी जुने मुनीम कीर्द-खतावणीतील प्रत्येक नोंद पुन्हा तपासत. सत्यान्वेषीचे कामही त्याच जातीचे आहे. कोणाच्या बोलण्यावर विसंबायचे नाही, कोणावर घाईने आळही घ्यायचा नाही, नोंद जुळेपर्यंत थांबायचे नाही, ही शिस्त व्यापाऱ्याला परकी नाही.

मराठीत ही परंपरा मोठी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी एका पिढीला वाचनाची गोडी लावली. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी तो वाचक टिकवला. ही पुस्तके बहुतेकांनी विकत घेतली नव्हती. ती वाचनालयांतून घरोघर फिरली. आज नव्या रहस्यकादंबऱ्या पुष्कळ येतात, पण भारतीय लेखकांच्याही अनेक कादंबऱ्या इंग्रजीत असतात. तरीही त्यांतील काही पुस्तके आपल्या घरांतील वाचकांना विशेष जवळची वाटतील.

पहिले नाव सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ या २०१८ च्या कादंबरीचे. काळ १९२१ चा, स्थळ मुंबई. परवीन मिस्त्री ही तरुण पारशी वकील वडिलांच्या पेढीत काम करते. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या जीवनातून या पात्राला प्रेरणा मिळाली. एका श्रीमंत गिरणीमालकाच्या तीन विधवा आपला सगळा वाटा धर्मादाय निधीला देऊन टाकत असल्याचे कागद परवीनच्या हाती पडतात. त्यांतील एकीने सहीच्या जागी केवळ फुली मारलेली असते. जिला वाचता येत नाही, तिने दान केले की तिच्याकडून करवून घेतले? येथून कथा सुरू होते.

शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रश्न जुना झालेला नाही. भागीदारीपत्रावर, कर्जाच्या जामीनपत्रावर किंवा सदनिकेच्या हक्कसोडपत्रावर ‘इथे सही कर’ एवढ्या एका वाक्यावर सही करणाऱ्या सुशिक्षित गृहिणी आजही आहेत. सही म्हणजे घरातील शिष्टाचार नव्हे, कायद्याने बांधून घेणारी जबाबदारी आहे, हे ही कादंबरी उपदेशाचा एकही शब्द न उच्चारता सांगते. सासू, सून आणि मुलगी यांनी ती एकापाठोपाठ एक वाचावी आणि नंतर घरातील पुरुषांच्या हाती द्यावी.

दुसरे लेखक वसीम खान. त्यांची ‘मिडनाइट ॲट मलबार हाउस’ ही कादंबरी २०२० मध्ये आली आणि ऐतिहासिक गुन्हेकथेसाठीचा ब्रिटनमधील डॅगर पुरस्कार तिला मिळाला. १९४९ च्या अखेरच्या रात्री मुंबईत एका इंग्रज अधिकाऱ्याचा खून होतो आणि तपास पर्सिस वाडिया या महिला पोलीस निरीक्षकाकडे येतो. तिचे वडील पुस्तकांचे दुकान चालवतात. फाळणीनंतरच्या मुंबईचे चित्र त्यात उमटले आहे. मालिकेतील दुसऱ्या पुस्तकात, ‘द डाइंग डे’ मध्ये, एशियाटिक सोसायटीतून दान्तेच्या महाकाव्याचे हस्तलिखित नाहीसे होते. प्राचीन पोथ्या जपणाऱ्या समाजाला ही हुरहुर वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

पैशांच्या व्यवहारात रस असणाऱ्या तरुणांसाठी रवी सुब्रमण्यन यांच्या कादंबऱ्या आहेत. लेखक स्वतः बँकिंग क्षेत्रातले. ‘द इन्क्रेडिबल बँकर’ (२०११) मध्ये काळा पैसा बँकेच्या दारातून कसा आत येतो हे दिसते, तर ‘गॉड इज अ गेमर’ (२०१४) बिटकॉइनभोवती फिरते. झटपट परताव्याच्या योजनांकडे ओढल्या जाणाऱ्या मुलांना ही पुस्तके वडिलांच्या दटावणीपेक्षा अधिक उपयोगी पडतील.

ज्येष्ठांसाठी रिचर्ड ऑस्मन यांची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (२०२०) ही मालिका सुचवावीशी वाटते. निवृत्तांच्या वसाहतीतील चौघे दर गुरुवारी जमून न सुटलेल्या गुन्ह्यांचा विचार करतात. मालिकेतील पाचवे पुस्तक, ‘द इम्पॉसिबल फॉर्च्यून’, सप्टेंबर २०२५ मध्ये आले. विनोद आणि वार्धक्यातील एकाकीपण यांचा मेळ त्यांत चांगला साधला आहे.

खून मुळीच नको, असा आग्रह असेल तर त्यालाही उत्तर आहे. शेरलॉक होम्सच्या ‘द रेड-हेडेड लीग’ (१८९१) या कथेत एकही खून नाही. गहाणवटीचा धंदा करणारा एक दुकानदार निम्म्या पगारावर राजी झालेला नोकर आनंदाने ठेवून घेतो. तो इतक्या स्वस्तात का आला, हे मात्र विचारत नाही. प्रत्येक दुकानदाराने ही कथा वाचावी. लहानांसाठी सत्यजित राय यांचा फेलूदा आहे. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे तो मराठीत वाचता येतो. वेरूळला घडणारी त्याची एक कथा मंदिरांतील शिल्पे चोरून परदेशी विकणाऱ्यांच्या मागावर जाते.

या परिसराला वाचनालयांची उणीव नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. डोंबिवलीने तर २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. वाचनालयात जाऊन पुस्तक मागावे आणि ते नसल्यास मागणी लेखी नोंदवावी. मराठी अनुवाद आहे का, हेही विचारावे. मागणी असलेला माल दुकानात येतो, हे व्यापारी घरांना कोणी सांगायला नको. मराठीत नवी रहस्यकथा यायला हवी असेल, तर तिचे गिऱ्हाईक प्रथम आपण व्हायला हवे.