लाकडी माशाची चाल

पावसाळा सरला की भालकी तालुक्यातल्या कारंजा धरणाचे गढूळ पाणी हळूहळू निवळते. मांजरा उतरते, कलबुर्गीकडे गाणगापूरच्या संगमावर भीमाही ओसरते. गळ टाकणाऱ्यांचे हे दिवस. रोहूला कणकेचा गोळा, वामेला गांडूळ, मरळीला बेडूक. शिकारी माशांसाठी मात्र आणखी एक आमिष आहे, ज्यात खाण्याजोगे काहीच नसते. ते म्हणजे लाकडाचा किंवा प्लास्टिकचा मासा, लुअर.

या लुअरचा सर्वांत नावाजलेला कारागीर फिनलंडचा कोळी लौरी रापाला. मोठा मासा थव्यातले धडधाकट मासे सोडतो आणि डळमळत पोहणाऱ्यावर झडप घालतो, हे त्याने होडीतून पाहिले होते. १९३६ साली त्याने बूच कोरून मासा केला, त्यावर चॉकलेटची चांदी चढवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख आला आणि अमेरिकेतून मागणीचा पूर लोटला.

सगळी करामत तोंडाशी बसवलेल्या छोट्या पट्टीत असते. लुअर दोरीला बांधून होडीमागे ओढतात. होडी पुढे गेली की पाण्याचा दाब पट्टीवर पडून ते खाली बुडते. पाणी पट्टीच्या कधी डाव्या, कधी उजव्या कडेने निसटते, म्हणून अंग डोलते. पट्टी लांब आणि अंगाच्या रेषेत असेल तर लुअर खोल जाते, उभी असेल तर वरच राहते. दोरी बारीक असली तरी खोली वाढते. तरंगते लुअर होडी थांबताच वर येते. धरणात बुडालेल्या बाभळींच्या खोडांतून ते वाचवायला हा गुण फार उपयोगी.

उत्तर अमेरिकेतला वॉलआय मासा शरदात असाच पकडतात. होडीमागे लुअर सोडून ताशी दोन-तीन किलोमीटरच्या संथ गतीने ओढत न्यायचे. वॉलआयच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असल्याने त्याला अंधुक उजेडातही दिसते, म्हणून तिथे रंग आणि चमक यांना मोल. आपल्या नद्यांतला शिवडाही तसाच रुंद जबड्याचा शिकारी, पण गढूळ पाण्यात नजर फार पोचत नाही. तिथे लांब मिशा आणि अंगावरची कंपने टिपणारी रेषा कामी येते. म्हणून इथे रंगापेक्षा लुअरचे डोलणे महत्त्वाचे. कारागिराने आधी मासा ओळखायचा, मग लाकूड हातात घ्यायचे.

ही ओळख मासा गळाला लागल्यावर संपू नये. शिवडा आज जागतिक पातळीवर धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. मरळ तर पिल्लांचा थवा राखत फिरते. त्या वेळी ती पकडली तर अख्खी वीण बुडते. म्हणून लुअरला तीन आकड्यांऐवजी एकच बिनकाट्याचा आकडा लावावा, पिल्लांजवळची मरळ सोडून द्यावी आणि मोठा शिवडा पाण्यातल्या पाण्यातच मोकळा करावा. माशाची चाल हुबेहूब उतरवणाऱ्या हाताला एवढे सहज जमेल.