'रेड रायडिंग : १९८३' – शेवटाबद्दल प्रेक्षकांचे का पटत नाही?

या पाठात आपण एकाच चित्रपटाबद्दलची प्रेक्षकांची मते तपासणार आहोत. चित्रपट आहे 'रेड रायडिंग : १९८३'. ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीने मार्च २००९ मध्ये लागोपाठ तीन गुरुवारी तीन गुन्हेपट दाखवले, त्यांतला हा शेवटचा. पहिल्या भागाचे नाव '१९७४', दुसऱ्याचे '१९८०'. पुढच्या वर्षी अमेरिकेत हे तिन्ही भाग चित्रपटगृहांतही लागले. या त्रयीचे कौतुक पुष्कळ झाले. डेव्हिड थॉमसन या नावाजलेल्या समीक्षकाने तर तिला 'गॉडफादर'च्याही वर बसवले. तरीही तिसऱ्या भागाचा विषय निघाला की प्रेक्षकांत दोन तट पडतात. काहींना तो त्रयीचा कळस वाटतो, तर काहींना त्याने आधीच्या दोन भागांच्या कमाईवर पाणी ओतले असे वाटते.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात मोजमापशास्त्र शिकवतो. त्यामुळे एकाच वस्तूची दोन मापे इतकी वेगळी येऊ लागली की मी आधी विचारतो, दोघांनी मोजले ते एकच होते का? इथेही तोच प्रश्न विचारायचा आहे.

एक सूचना आधीच देतो. पुढे चित्रपटाचा शेवट सांगितला आहे, त्याशिवाय या मतांबद्दल बोलताच येत नाही. शिवाय या चित्रपटांत लहान मुलांवरील अत्याचाराचा विषय आहे. तो पडद्यावर फारसा दाखवलेला नसला तरी मनाला त्रास देतो. पाहायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

चार कादंबऱ्या, तीन चित्रपट

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर परगण्याचे पूर्वी तीन विभाग होते आणि त्यांना 'रायडिंग' म्हणत. मूळ शब्दाचा अर्थच 'तिसरा हिस्सा'. लाल टोपीवाल्या मुलीच्या आणि लांडग्याच्या प्रसिद्ध परीकथेचीही या नावाला छटा आहे. डेव्हिड पीस या लेखकाने मात्र कादंबऱ्या चार लिहिल्या : '१९७४', '१९७७', '१९८०' आणि '१९८३'. टोनी ग्रिसोनी यांनी त्यांच्या पटकथा केल्या. पैशाअभावी '१९७७' हा भाग वगळावा लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन भागांचे दिग्दर्शक तीन. ज्युलियन जॅरोल्ड यांनी पहिला भाग १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केला, जेम्स मार्श यांनी दुसरा ३५ मिलिमीटरवर आणि आनंद टकर यांनी तिसरा डिजिटल कॅमेऱ्यावर. म्हणून पहिला भाग दाणेदार, धुरकट आणि जुन्या छायाचित्रासारखा दिसतो, तर तिसरा स्वच्छ आणि उजेडाचा. काही प्रेक्षकांना तिसरा भाग 'जास्त गुळगुळीत' वाटतो. त्या नापसंतीचा थोडा वाटा कथेकडे नसून कॅमेऱ्याकडे जातो.

कथा थोडक्यात अशी. १९७४ मध्ये एका लहान मुलीचा मृतदेह सापडतो. तिच्या पाठीला हंसाचे पंख शिवलेले असतात. एडी डनफर्ड हा तरुण वार्ताहर शोध घेतो आणि बांधकाम व्यावसायिक व पोलीस यांचे साटेलोटे त्याच्या हाती लागते. त्याचा शेवट मरणात होतो. १९८० मध्ये पीटर हंटर हा मँचेस्टरचा प्रामाणिक पोलीस अधिकारी यॉर्कशायर पोलिसांचा तपास तपासायला येतो. तोही मारला जातो. १९८३ मध्ये हेझल नावाची आणखी एक मुलगी नाहीशी होते. पहिल्या खुनासाठी मायकेल मिश्किन हा मंदबुद्धी तरुण एव्हाना कित्येक वर्षे तुरुंगात आहे. मग हे कोण करते आहे?

या भागात मध्यवर्ती माणसे तीन. मॉरिस जॉबसन हा पोलीस अधिकारी, ज्याने सगळे पाहिले आणि जो गप्प बसला. जॉन पिगॉट हा स्थूल, आळसावलेला, स्वतःवर नाराज असलेला वकील, ज्याला मिश्किनची आई गळ घालते. आणि बीजे हा तरुण, जो लहानपणी याच अत्याचाराचा बळी होता. शेवटी कळते की मुळाशी मार्टिन लॉज हा धर्मोपदेशक आहे, त्याच्याभोवती प्रतिष्ठितांचे एक वर्तुळ आहे आणि पोलिसांनी ते सांभाळले आहे. बीजे लॉजला मारायला जातो, पण त्याचा हात चालत नाही. तेव्हा जॉबसन येऊन लॉजला गोळ्या घालतो. इकडे पिगॉट जमिनीखालच्या खाणीत उतरतो आणि हेझलला जिवंत बाहेर आणतो. संथ गतीने, उजेडात, उडणाऱ्या पिसांमधून.

'काही कळतच नाही' ही तक्रार

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार शेवटाबद्दल नाही, गुंतागुंतीबद्दल आहे. तिसरा भाग वर्तमानातून १९७४ मध्ये जातो, परत येतो, आणि बहुतेक वेळा तसे सांगत नाही. कोणत्या वर्षात आहोत हे जॉबसनच्या चेहऱ्यावरून आणि सोबत कोण उभे आहे यावरून ओळखायचे. त्यात यॉर्कशायरची बोली. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनीही उपशीर्षके लावावीत, त्यात कमीपणा नाही.

पण ही तक्रार करणाऱ्याने चित्रपट कोणत्या परिस्थितीत पाहिला? दूरचित्रवाणीवर पहिला आणि तिसरा भाग यांत चौदा दिवसांचे अंतर होते. पहिल्या भागात दोन मिनिटे दिसलेला चेहरा तिसऱ्या भागात कळीचा ठरतो. ज्याने तिन्ही भाग एका बैठकीत, सुमारे पाच तासांत पाहिले त्याला तो चेहरा आठवतो, आठवड्याआठवड्याने पाहणाऱ्याला आठवेलच असे नाही. आणि वसतिगृहात दीडपट वेगाने, हातात मोबाइल घेऊन पाहणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही. प्रयोगशाळेत तापमान न नोंदवता रोध मोजला तर आपण ते वाचन ग्राह्य धरत नाही. मताचेही तसेच आहे.

वगळलेला '१९७७' इथे आठवा. पहिल्या दोन चित्रपटांत लॉज थोडाच दिसतो. 'खलनायक एकदम कुठून आला?' असे विचारणारा प्रेक्षक दुर्लक्ष करत नव्हता. चारपैकी एक खांब काढून घेतल्यावर जी फट राहते, ती त्याला दिसली. ही तक्रार मला रास्त वाटते.

सरासरी काय लपवते

आता आकड्यांकडे वळू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते या चित्रपटाचे नाहीत.

समजा, पहिला भाग १००० जणांनी पाहिला. त्यांतल्या ४०० जणांना तो फार आवडला, त्यांनी १० पैकी ८ गुण दिले. उरलेल्या ६०० जणांनी ५ दिले. सरासरी आली ६.२. ज्यांना आवडला नाही ते पुढे आलेच नाहीत, म्हणून तिसरा भाग फक्त त्या ४०० जणांनी पाहिला. त्यांना तो पहिल्यापेक्षा थोडा उणा वाटला आणि त्यांनी ७.५ दिले. तिसऱ्या भागाची सरासरी ७.५. कागदावर तिसरा भाग पहिल्यापेक्षा सरस ठरतो, पण दोन्ही भाग पाहिलेला प्रत्येक जण त्याच्या उलट सांगतो आहे. कोणत्याही मालिकेच्या शेवटच्या भागाचे गुण पाहताना ही चाळणी ध्यानात घ्यावी लागते. तुलना करायचीच तर त्याच माणसांनी दोन्ही भागांना दिलेले गुण जोडीने पाहावेत.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. निम्म्यांनी ९ आणि निम्म्यांनी ५ दिले तर सरासरी ७ येते, पण ७ हे मत एकाचेही नसते. अशा वेळी वितरणाला दोन शिखरे असतात आणि सरासरी त्यांच्यामधल्या रिकाम्या दरीत जाऊन बसते. तिसऱ्या भागाबद्दलची मते वाचताना मला अशीच दोन शिखरे दिसतात. ती कुठून आली, हे मात्र संख्याशास्त्र सांगत नाही. त्यासाठी चित्रपटाकडेच परत जावे लागते.

शेवट एक नाही, दोन आहेत

नापसंती दाखवणाऱ्यांचे म्हणणे असे : दोन चित्रपटभर तुम्ही आम्हाला दाखवलेत की ही यंत्रणा सत्य सांगणाऱ्याला जिवंत ठेवत नाही. मग शेवटच्या दहा मिनिटांत पिसे, उजेड आणि वाचलेली मुलगी? पीसच्या कादंबरीचा शेवट याहून खूपच काळोखा आहे, तिथे पिगॉट आत्महत्या करतो. कादंबरी वाचलेल्यांना चित्रपटाचा शेवट गोड औषधासारखा वाटतो. पसंती दाखवणारे म्हणतात, पाच तासांच्या अंधारानंतर एक मूल वाचले तर बिघडले काय? आणि वाचवणारा कोण, तर कुणालाच ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती असा माणूस. त्यातच त्याचे मोल.

माझ्या मते दोन्ही बाजू 'शेवट' हा एकच शब्द दोन वेगळ्या घटनांसाठी वापरत आहेत. हेझल वाचते ही एक. जॉबसन लॉजला गोळ्या घालतो ही दुसरी. प्रेक्षक दोन्हींना मिळून एक गुण देतो, आणि मग आपण त्या गुणावर वाद घालतो.

पहिली घटना मला मान्य आहे. पिगॉटचे वडीलही पोलिसात होते आणि त्या पापात त्यांचाही हात होता. अशा माणसाचा मुलगा स्वतःच्या हातांनी खाणीत शिरतो, यात स्वस्त काही नाही.

दुसऱ्या घटनेबाबत मात्र मी नापसंतांच्या बाजूला आहे, पण माझे कारण वेगळे आहे. लॉज हा त्या वर्तुळातला असा माणूस, की ज्याच्या तोंडून बाकीच्यांची नावे बाहेर येऊ शकली असती. त्याला ठार केले की प्रेक्षकाचा जीव हलका होतो, आणि ज्यांना ती नावे बाहेर येऊ द्यायची नव्हती त्यांचेही काम होते. नऊ वर्षे गप्प राहिलेला अधिकारी न्यायालयात उभा राहून बोलला असता तर त्याची नोकरी, अब्रू, सगळेच पणाला लागले असते. बंदूक चालवणे त्याला त्याहून सोपे गेले. डेव्हिड मॉरिसी यांनी जॉबसन इतक्या संयमाने उभा केला आहे की हे चटकन जाणवत नाही. दिग्दर्शकाला हे दाखवायचेच होते, असा बचाव करता येतो. पण मग त्या क्षणी चित्रपटाने आपल्याला दिलासा द्यायला नको होता.

खऱ्या घटनांचे ओझे

हा वाद केवळ आवडीनिवडीचा का नाही, ते आता पाहू. या कथांमागे वेस्ट यॉर्कशायरचा खरा इतिहास आहे. पीटर सटक्लिफने १३ स्त्रियांचे खून केले. पोलिसांनी त्याला नऊ वेळा प्रश्न विचारून सोडले होते, जानेवारी १९८१ मध्ये तो शेफील्डमध्ये पकडला गेला. दुसरा भाग याच तपासाच्या सावलीत घडतो.

तिसऱ्या भागाला जवळचे प्रकरण स्टीफन किश्को यांचे. १९७५ मध्ये एका ११ वर्षांच्या मुलीचा खून झाला. किश्को हे करविभागातले साधे, बुजरे कारकून. वकील सोबत नसताना त्यांच्याकडून कबुली घेतली गेली आणि १९७६ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. गुन्ह्याच्या ठिकाणचा वैद्यकीय पुरावा त्यांचा असूच शकत नव्हता, पण ती माहिती न्यायालयासमोर आली नाही. त्यांच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९९२ मध्ये ते निर्दोष ठरले. १९९३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि काही महिन्यांतच आईही गेली. खरा गुन्हेगार रोनाल्ड कॅस्ट्री याला डीएनएच्या आधारे २००७ मध्ये शिक्षा झाली.

मिश्किन आणि त्याची आई पाहताना ज्यांना हे प्रकरण ठाऊक असते, त्यांना चित्रपटातली गोळी पुरत नाही. किश्को सुटले ते कुणी कुणाला गोळी घातली म्हणून नव्हे. एक आई थांबली नाही, एका वकिलाने जुनी कागदपत्रे पुन्हा वाचली, आणि प्रयोगशाळेतला एक निष्कर्ष अखेर न्यायालयासमोर आला, म्हणून. ते काम वर्षानुवर्षांचे, संथ आणि पडद्यावर कंटाळवाणे दिसणारे. चित्रपट मिश्किनच्या सुटकेपाशी संपत नाही, खाणीतल्या उजेडापाशी संपतो. ब्रिटनमधला, ते दिवस आठवणारा प्रेक्षक आणि आपल्याकडे उपशीर्षके लावून पाहणारा विद्यार्थी यांचे गुण इथे वेगळे पडले तर नवल नाही.

स्वाध्याय

तिन्ही भाग पाहिले असतील तर तिसऱ्याला एकच गुण देऊ नका. हेझलच्या सुटकेला एक आणि लॉजच्या मृत्यूला एक, असे दोन गुण द्या. त्याखाली लिहा : तिन्ही भाग किती दिवसांत पाहिले, उपशीर्षके होती का, कादंबरी वाचली होती का, किश्को प्रकरण आधी माहीत होते का. वर्गातल्या वीस-पंचवीस जणांच्या अशा नोंदी जमवून दोन्ही गुणांचे स्वतंत्र स्तंभालेख काढा. कोणत्या आलेखाला दोन शिखरे येतात ते पाहा, आणि दोन्हींना आली तर प्रत्येक शिखरातल्या माणसांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचा.