मेंढ्याचा शिक्का आणि खंजिराचे वय

भारतात 2021पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि छाप म्हणजे खरेपणाची हमी हे आपल्या मनात पक्के बसले. मोरोक्कोचा जुना खंजीर हाती घेताना मात्र ही सवय दगा देते. ‘कुम्मिया’ नावाचा हा वाकडा खंजीर उजव्या खांद्यावरून घेतलेल्या गोफाने डाव्या कुशीला लटकवतात. मुठीचे टोक मोराच्या पिसाऱ्यासारखे पसरट असते आणि म्यान पितळेचे, चांदीचे किंवा दोन्हींचे. असा खंजीर विक्रीला आला की गिऱ्हाईक भिंग घेऊन आधी शिक्का शोधते. शिक्का सापडला की अस्सल आणि जुना, नाही सापडला की संशयास्पद, असा निवाडा करून मोकळे होते. हा निवाडा उलटा पडण्याचीच शक्यता अधिक. कारण शिक्का चांदी तपासल्याची नोंद देतो. खंजीर केव्हा घडला याबद्दल तो जवळजवळ काहीच बोलत नाही.

मोरोक्को 1912 साली फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला आणि 1925पासून तिथल्या चांदीवर मेंढ्याच्या मुंडक्याचा शिक्का उमटू लागला. त्याआधीच्या गावाकडच्या कामावर घडतेवेळी हा शिक्का बसणे शक्यच नव्हते. तरीही त्या कामातली चांदी हलकी होती असे म्हणता येत नाही, कारण ती बरेचदा नाण्यांतून येई. सुलतान पहिला हसन (कारकीर्द 1873 ते 1894) याने पॅरिसच्या टांकसाळीत पाडून घेतलेली रुप्याची सर्वांत मोठी नाणी 900 टंचाची होती. फ्रान्सचे पाच फ्रँकचे नाणेही तेवढ्याच कसाचे. सूस खोऱ्यातले आणि अँटी-अ‍ॅटलास डोंगरातले कारागीर, ज्यांत ज्यू सोनार मोठ्या संख्येने होते, अशी नाणी वितळवून पत्रा ठोकत. त्यात किती तांबे मिसळायचे हे कारागिराच्या हाती होते, म्हणून प्रत्येक नगाचा कस वेगळा निघतो. एकोणिसाव्या शतकातला, उत्तम चांदीचा आणि एकही छाप नसलेला कुम्मिया यात काहीच विसंगत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग शिक्क्याला किंमतच उरली नाही. तसे नाही, तो एका बाजूची मर्यादा आखून देतो. 1930च्या सुमारास बाजारात आलेल्या जुन्या खंजिरावरही मेंढा उमटू शकतो, त्यामुळे शिक्क्यावरून घडणीचे साल ठरत नाही. पण ‘ही वस्तू 1910 साली युरोपात आली आणि पुन्हा परतली नाही’ असे विक्रेता सांगत असेल आणि म्यानावर मेंढा दिसत असेल, तर त्याची कथा तिथेच कोसळते. फ्रेंच शिक्क्यांचेही असेच. मिनर्व्हा देवीचे मुंडके 1838पासून फ्रान्समधल्या कामावर येते. हंस मात्र 1893पासून बाहेरून आलेल्या चांदीसाठी वापरला गेला. कुम्मियावरचा हंस एवढेच सांगतो, की 1893नंतर केव्हातरी तो फ्रान्सच्या तपासणीतून गेला. त्यावरून त्याला ‘फ्रेंच बनावटीचा’ ठरवणे चूक आणि ‘1893चा’ म्हणणे त्याहून चूक.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिक्का नसेल तर भरवसा कशाचा? इथे डोळा घडणीकडे वळवावा. पुष्कळ म्यानांची दर्शनी बाजू चांदीची आणि मागची पितळेची असते, म्हणून छाप ज्या पत्र्यावर आहे त्या पत्र्यापुरतीच खरी मानावी. पांढऱ्या दिसणाऱ्या धातूलाही भुलू नये. आपल्या ओळखीचे जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. त्यात चांदी नसते आणि कुम्मियावर ते सर्रास सापडते. नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे पण शिक्क्याच्या कडा धारदार आहेत, असे दिसले तर शिक्का बराच नंतर मारलेला आहे. ती उशिराची प्रामाणिक तपासणी असेल किंवा लबाडी. पात्यावरचे युरोपी नाव पाहून म्यानाचे वय काढू नये, कारण पाती अनेकदा बाहेरून येत आणि जुने पाते नव्या मुठीत बसवले जाई. आम्ल टाकून केलेली परीक्षा पृष्ठभागावर कायमचा डाग पाडते; क्ष-किरणांच्या यंत्राने ओरखडाही न उमटता कस कळतो.

म्हणून क्रम बदलावा. आधी झीज, जोड आणि दोन्ही बाजूंचा धातू पाहावा, मग कस काढावा आणि शिक्का शेवटी वाचावा. विक्रेता केवळ शिक्का दाखवून शंभर-दीडशे वर्षांचे वय सांगत असेल, तर चांदीचा भाव द्यावा. जुनेपणाचा देऊ नये.