पायरी आणि दर्गा

हिब्रू शिकू लागलेल्या आपल्या मराठी माणसाच्या कानावर 'दर्गा' हा शब्द प्रथम पडतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हिरवी चादर, उदबत्तीचा धूर आणि मुंबईचा हाजी अली उभा राहतो. वर्गात हशा पिकतो. मग समजते की येथे 'दर्गा' म्हणजे नोकरीतील श्रेणी, हुद्दा. जिन्याच्या पायरीला हिब्रूत 'मद्रेगा' म्हणतात आणि क्रमाक्रमाने होणाऱ्या गोष्टीला 'बेहदरगा'. तिन्ही शब्दांचे मूळ एकच. ज्या भाषेने हुद्द्याला आणि पायरीला एकाच मुळातून जन्म दिला, त्या भाषेच्या देशात आपण राहावयास आलो, हा योगायोग आम्हांस नेहमी मोठा अर्थपूर्ण वाटत आला आहे.

या विषयावर लिहिण्याचे कारण असे की, सणासमारंभाला किंवा मलिद्याच्या प्रसंगी चार कुटुंबे एकत्र आली की एक प्रश्न हटकून निघतो. "येथे येऊन दहा वर्षे झाली, काय मिळवले?" विचारणारा बहुधा चाळिशीच्या आसपासचा असतो. तिकडे तो बँकेत कारकून, रेल्वेत फिटर किंवा शाळेत शिक्षक होता. येथे गोदामात माल मोजतो. शेजारचा कोणी एकदम मोठ्या कंपनीत लागला, याची बातमी त्याला झोप येऊ देत नाही. घरातील वडीलधारी मंडळी त्याला धीर धरावयास सांगतात, आणि मुले त्याच्या हिब्रूला हसतात. या माणसाला नुसता धीर देऊन भागणार नाही. त्याला पुढची पायरी नेमकी कोठे आहे ते दाखविले पाहिजे.

आपले पूर्वज कोकणात शनिवार तेली म्हणून ओळखले जात, हे आपल्या मुलांना आपण अभिमानाने सांगतो. शब्बाथला घाणा बंद ठेवणारे ते तेली. त्या घाण्याचा बैल आठवावा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो चालतो, पावले नियमित टाकतो, कष्टात कसूर करीत नाही; आणि सूर्य मावळताना जेथे सकाळी होता तेथेच असतो. सातत्य हा गुण खराच. परंतु ते सातत्य गोल फिरणारे आहे की वर चढणारे, हे पाहणे अगत्याचे. वीस वर्षांची नोकरी झाली म्हणणाऱ्या पुष्कळांची प्रत्यक्षात एकाच वर्षाची नोकरी वीस वेळा झालेली असते. पगाराच्या चिठ्ठीवर 'वेतेक', म्हणजे सेवेची वर्षे, आपोआप वाढतात; 'दर्गा' मात्र सर्वत्र आपोआप वाढत नाही.

या देशात कित्येक व्यवसायांचे जिने कायद्यानेच बांधून ठेवलेले आहेत, ही गोष्ट नवागतांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. विजेच्या कामाचेच पाहा. तारतंत्र्याला येथे परवान्याशिवाय काम करता येत नाही. आणि परवाना एक नसून त्यांची उतरंड आहे: प्रथम 'मआसी', मग 'मुस्माख', त्यावर 'राशी', आणि पुढे तंत्रज्ञ, हंदेसाई व अभियंता यांच्यासाठीचे परवाने. किती क्षमतेच्या जोडणीला हात लावावयाचा हे परवान्यावर ठरते. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मुंबईत गिरणीच्या विद्युत विभागात काम करून आलेले. हातात कसब इतके की मोटारीचा आवाज ऐकून दोष सांगत. येथे त्यांना मदतनीस म्हणून घेतले, आणि त्यांच्या निम्म्या वयाचा मुलगा त्यांना पक्कड आणावयास पाठवू लागला. अपमान गिळणे सोपे नव्हते. परंतु त्यांनी एक हिशेब मांडला: अडचण कसबाची नाही, परीक्षेच्या हिब्रूची आहे. विजेच्या कामाचे शब्द ते रोज कामावर कानांनी टिपत आणि रात्री वहीत एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस हिब्रू असे उतरवीत. रोज पाच शब्द, अधिक नाही. दोन हिवाळे गेल्यावर पहिला परवाना हाती आला. ती वही आम्ही पाहिली आहे. तेलाचे डाग पडलेली ती वही आमच्या मते कोणत्याही छापील कोशाहून सरस आहे.

हिशेबनिसांचेही तसेच. तिकडील बी.कॉम.ची पदवी मनात धरून बसण्यापेक्षा येथील जमाखर्चाच्या परीक्षेची पहिली-दुसरी श्रेणी देऊन टाकावी आणि तिसरीकडे वळावे. पदवी कोणी हिरावून घेत नाही. ती भिंतीवर असू द्यावी.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर शिक्षक या नात्याने थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा जिना येथेच अडतो. उल्पानमध्ये साधारण पाच महिन्यांत पाचशे तासांचे शिक्षण मिळते. आलेफपासून वाव्हपर्यंत वर्ग आहेत. आपली माणसे आलेफ करतात, फार तर बेत करतात, आणि बाजारहाट जमू लागली की थांबतात. बोलणे जमते, वाचणे राहते. त्यातही आपली एक खास अडचण आहे, जी उल्पानच्या बाईंना सहसा समजत नाही. आपल्यापैकी पुष्कळांना लहानपणापासून हिब्रू वाचता येते. पण ती प्रार्थनेच्या पुस्तकातील, नेकुदोत दिलेली हिब्रू. वर्तमानपत्र, कचेरीचे पत्र, परीक्षेची प्रश्नपत्रिका यांत नेकुदोत नसतात. त्यामुळे सिनेगॉगमध्ये खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणणारा गृहस्थ वीजबिल मात्र मुलाकडून वाचून घेतो. त्यास आम्ही अशिक्षित म्हणणार नाही. तो अर्ध्या जिन्यावर उभा आहे इतकेच, आणि उरलेला अर्धा चढावयास त्याला परक्या माणसापेक्षा कमीच श्रम पडतील. पाठ असलेला शब्द प्रथम नेकुदोतसह लिहावा, मग त्याखाली नेकुदोत न देता लिहावा, आणि दुसऱ्या दिवशी केवळ खालची ओळ वाचावी. दररोज दहा ओळी पुरेत. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे अधिक पदरात टाकतात, हे वर्गात आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहो.

आपल्याच समाजातील एका शिक्षकाची कारकीर्द या संदर्भात पाहण्याजोगी आहे. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांचा जन्म 1834 साली मुंबईस झाला. 1856 मध्ये डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेत ते साहाय्यक शिक्षक म्हणून लागले. 1861 मध्ये मुख्याध्यापक झाले. 1871 मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले आणि 1879 मध्ये ते त्या विद्यापीठाचे फेलो झाले. साहाय्यक शिक्षकापासून विद्यापीठाच्या फेलोपर्यंत तेवीस वर्षे! मधल्या दहा वर्षांत, 1861 ते 1871, त्यांच्या पदाचे नाव बदललेले नाही. बाहेरून पाहणाऱ्यास ते एका जागी थांबलेले दिसले असते. परंतु राजपूरकरांनी आयुष्यभरात हिब्रूतून मराठीत सुमारे वीस ग्रंथ उतरविले, त्यांत बरेचसे उपासनेचे. एक प्रार्थनापुस्तक संपवावे, दुसरे हाती घ्यावे, आणि सकाळी पुन्हा शाळेची घंटा. एवढे अनुवाद काही एका वर्षात होत नसतात. आपल्या आजोबांच्या पिढीला प्रार्थनेचा अर्थ मराठीत कळला, तो अशा परिश्रमांमुळे.

तथापि, प्रत्येक जिना वरपर्यंत जातोच असे नाही, हेही आपल्या इतिहासाने शिकविले आहे. ब्रिटिश अमदानीत आपले कितीतरी पूर्वज पलटणीत गेले. शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार आणि शेवटी सुभेदार-मेजर, असे ते चढत गेले. कोकणातील कित्येक घराण्यांत आजही ही पदे नावामागे सांगितली जातात. पण सुभेदार-मेजर हे त्या जिन्याचे छत होते. त्यावर बसलेला असे तो कालपरवा विलायतेहून आलेला गोरा अधिकारी. छताला डोके आपटल्यावर त्या लोकांनी काय केले? त्यांनी मुलांना दुसऱ्या जिन्याकडे, शाळेकडे, वळविले. 1875 साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या बंधूंनी मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा म्हणून नावारूपास आली. 1905 मध्ये रिबेका रूबेन या आपल्या मुलीने मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळविला, आणि 1922 पासून 1950 पर्यंत त्याच शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. छत कोठे आहे ते ओळखून जिना बदलणे, यास आम्ही चंचलपणा म्हणत नाही.

येथे 'सावलानूत' या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. सावलानूत म्हणजे सहनशीलता, धीर. हा शब्द या देशात नव्याने आलेल्या प्रत्येकास खिडकीमागील कारकुनाकडून ऐकावा लागला आहे. हळूहळू चढणे आणि गप्प बसविले जाणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. 1951-52 साली बेएर शेवा येथील आपल्या काही कुटुंबांनी काम व वागणूक यांविषयीच्या तक्रारी घेऊन तेल अवीवमध्ये धरणे धरले, आणि काहीजण भारतात परतले. ते अधीर होते असे म्हणून त्यांना बाजूस सारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. पायरी असेल तर माणूस चढेल; पायरीच काढून घेतली असेल तर ती मागितलीच पाहिजे. दर्गा मिळण्यास पात्र ठरूनही ती मिळाली नसेल, तर लेखी अर्ज करावा, त्याची प्रत ठेवावी, कामगार संघटनेच्या प्रतिनिधीस भेटावे. आपली माणसे भिडस्त. "जाऊ दे, कशाला" म्हणून पगाराची चिठ्ठी न वाचताच घडी करून कपाटात ठेवतात.

आमच्या स्वतःच्या पेशाचे सांगावयाचे तर 2008 पासून प्राथमिक शाळांत 'ओफेक हदाश' ही योजना आली आणि शिक्षकांच्या श्रेण्या एक ते नऊ अशा ठरल्या. वरची श्रेणी मिळण्यास सेवेच्या वर्षांबरोबर 'हिश्तालमूत', म्हणजे सेवेत राहून केलेले अभ्यासवर्ग, लागतात. सातवीपासून पुढे कामाचे मूल्यमापनही होते. दमलेल्या शिक्षिकेला दुपारनंतर पुन्हा बाकावर बसणे नकोसे वाटते, हे आम्ही जाणतो. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषध, सर्व तिच्याच माथी. अशा घरांत नवऱ्याने आठवड्यातून एक संध्याकाळ भाकरीचे नाही तरी निदान भाताचे पातेले चुलीवर चढविण्यास काय हरकत आहे, असा प्रश्न आम्ही पुरुषवर्गास विनयपूर्वक विचारतो. बायकोची दर्गा वाढली तर पगार त्याच घरात येणार आहे.

आता कागदपत्रांविषयी, कारण तेथेच अनेकांची पहिली पायरी निसटते. भारतातून येणाऱ्या नातलगांस आताच कळवावे की, पदवीप्रमाणपत्राबरोबर प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका आणि शक्य तर विषयवार तासांचा दाखलाही महाविद्यालयाकडून घेऊन ठेवावा. भारत 2005 पासून अपोस्टिल पद्धतीत सामील झाल्यामुळे कागदांवर तो शिक्का तेथेच करून आणता येतो. येथे बसून टपालाने ते काम करणे म्हणजे महिने घालविणे. जुन्या शाळा बंद होतात, दप्तरे हलतात. तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नये. आणि नावाचे पाहावे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आडनाव, पासपोर्टावर त्याचेच निराळे स्पेलिंग आणि येथील ओळखपत्रावर हिब्रू अक्षरांत तिसरेच रूप, असे झाले की कचेरीतील कारकून तिन्ही माणसे वेगळी समजतो. आपल्या 'कर'वाल्या आडनावांत हा घोटाळा विशेष होतो. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र निघण्यापूर्वीच करून मूळ कागदांच्या त्याच पाकिटात ठेवावे, आणि ते पाकीट सामानाच्या पेटीत न घालता हातातल्या पिशवीत घेऊन यावे.